स्विचदादा पोहे खायला जातो

आमचा स्विचदादा लिफ्टमध्ये शिरला, की दार मिटायच्या आत शेजारच्या माणसाला स्वतःची माहिती देऊन मोकळा व्हायचा. "मी विनायक. बी विंग, चौथा मजला, डावीकडचं दार. माझ्याकडे शिडी आहे, ड्रिल आहे. गाता येत नाही." दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पुन्हा तेच. एकदा सेक्रेटरी वैतागले, "अहो, कालच सांगितलंत की!" दादा शांतपणे म्हणाला, "काल होती शिडी. आज मोडली असती तर?"

हा माझा आतेभाऊ. बेलापूरच्या एका ऑफिसात नेटवर्क सांभाळायचा. तिथले स्विच, म्हणजे संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात ती चपटी डबडी, अशीच वागतात म्हणे. प्रत्येक डबडं तारेच्या पलीकडच्या शेजाऱ्याला ठरावीक वेळाने सांगत राहतं: मी अमुक, तुझी तार माझ्या अमुक खाचेत आहे, मला हे हे जमतं. सांगणं थांबलं, की शेजारी थोडी वाट बघतो आणि नाव पुसून टाकतो. "याला डिस्कव्हरी प्रोटोकॉल म्हणतात," दादा म्हणाला. मी मान डोलावली. माझं तांत्रिक ज्ञान राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यापाशी संपतं.

डबड्यांचा एक गुण त्याला फार आवडायचा. "फक्त स्वतःचं सांगतात. शेजाऱ्याकडून ऐकलेलं पुढे सरकवत नाहीत. आपल्या सोसायटीत आहे का असं एक तरी माणूस?" आत्या समोरच होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

याच तत्त्वापायी दादाचं लग्न अडलं होतं. चाळिशी आली. स्थळं यायची, पोहे व्हायचे, नकार यायचा. कळंबोलीच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यांची मुलगी, वंदना, सांगून आली, तेव्हा आत्या मला म्हणाली, "तू चल बरोबर. तो बोलायला लागला की चिमटा काढ. हे गेलं तर मी पुन्हा स्थळ बघणार नाही, सांगून ठेवते."

आत्या, तिचे यजमान म्हणजे आमचे काका, दादा आणि चिमट्यापुरता मी, असे चौघे गेलो. मुलीच्या वडिलांनी दादाला विचारलं, "वडील काय करतात तुमचे?"

"हे काय, बसलेत ना. त्यांनाच विचारा."

काकांच्या तोंडात पोहे होते. मी चिमटा काढला.

"बरं, आणि हे तुमचे मामेभाऊ?"

"त्याचं तो सांगेल. सध्या मला चिमटे काढतोय, एवढं नक्की."

आत्याने डोळे मिटून घेतले. दादा थेट वंदनाकडे वळला. "मी विनायक. मला दिवसाला चार चहा लागतात. पोळ्या जमतात, गोल नाही. राग येतो, जेवलो की जातो." ठरावीक वेळ झाली असावी. त्याने हे सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

वंदनाने बशी खाली ठेवली. "मी वंदना. मला दोन चहा. सकाळी नऊच्या आत कुणी बोललेलं चालत नाही. ट्रकसुद्धा चालवता येतो. माफी मागता येत नाही." मग वडिलांना म्हणाली, "बाबा, आत्तापर्यंतच्या मुलांकडून त्यांच्या मामांचे बंगले कळले. मुलगा कसा आहे ते आज कळलं. मला चालेल."

आत्या रडायला लागली. दादाने माझे सगळे चिमटे एकदम परत केले.

आता दोघं कळंबोलीत राहतात. मागे आम्ही गेलो होतो, तर कामावरून आल्या आल्या दारातच एकमेकांना सांगत होते: "आज डोकं दुखतंय." "मला भूक नाही. भांडण उद्या." हे ऐकून माझी बायको बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला काय म्हणायचं होतं, ते मला दोन दिवसांनी मेहुणीच्या फोनवरून कळलं.