खोड घराची

माझ्या बायकोच्या मामांइतका कुत्र्यांवर विश्वास आणि माणसांवर संशय असलेला गृहस्थ अख्ख्या उज्जैनमध्ये शोधून सापडणार नाही. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यापासून ते लोकांची बिघडलेली कुत्री सुधारून देतात, तेही फुकट. फक्त कुत्रं बिघडलं आहे हे त्यांनी आजवर एकदाही कबूल केलेलं नाही. "खोड कुत्र्याची नसते, घराची असते," हे वाक्य ते पहिल्या चहाबरोबरच ऐकवतात. लग्नाला गेले तर आधी त्या घरच्या कुत्र्याची चौकशी करतात, मग आठवलंच तर नवरीची. बुशशर्टाच्या खिशात कायम पोळीचे वाळलेले तुकडे, ते शर्टाबरोबर धुवायलाही जातात. आणि कुणाच्याही घरी गेले की कुत्र्याकडे पाठ करून बसतात. आल्या आल्या त्याच्याकडे टक लावून बघणं म्हणजे अनोळखी माणसाला पगार विचारणं, असं त्यांचं म्हणणं. टावर चौकाजवळच्या एका बँक मॅनेजरांचं कुत्रं चपला पळवायचं आणि सगळं घर त्याच्यामागे धावायचं. मामांनी निदान केलं, "साहेब, त्याला चप्पल नकोय, तुमची भागदौड पाहिजे. कोणी उठायचं नाही." मॅनेजरसाहेब चार दिवस एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घालून बँकेत गेले. पाचव्या दिवशी कुत्र्याने कंटाळून सगळ्या चपला दारात आणून टाकल्या.

आमच्यावर वेळ आली ती गब्बूमुळे. गब्बू म्हणजे आमचा कुत्रा आणि माझ्या आईचा जीव की प्राण. बाबा गेल्यापासून ती मनातलं बोलायची ते फक्त त्याच्याशी. दाराची बेल वाजली की तो गुरगुरायचा, आणि गुरगुर वाढत वाढत एक दिवस त्याने वरच्या मजल्यावरच्या घरमालकांचा पायजमाच फाडला. "संडे तक का टाइम है. कुत्ता रहेगा तो आप नहीं रहेंगे," मालकांनी सांगून टाकलं. आई शांतपणे म्हणाली, "तो जाणार असेल तर माझी पण बॅग भरा." तेव्हा मामांना बोलावलं.

मामा भिंतीकडे तोंड करून तासभर चहा पीत बसले. तेवढ्यात दूधवाल्याने बेल वाजवली, गब्बू गुरगुरला, आणि आईने नेहमीसारखे हात जोडून त्याला जिलबीचा तुकडा घातला. आमच्याकडे कुत्रा म्हणजे काळभैरवाचं वाहन. तो गुरगुरला म्हणजे देव नाराज, अशी आईची श्रद्धा, आणि सकाळच्या पोह्यांबरोबर आणलेली जिलबी घरात असतेच. मामा सावकाश वळले.

"विहीणबाई, गुरगुरायची फीस देता तुम्ही त्याला."

"आणि भैरव कोपला तर?"

"त्यांच्या कानावर घालून आलोय मी. शांत बसलेल्याला दिलेला प्रसाद त्यांना जास्त पसंत आहे."

मग तीन दिवस शिकवणी चालली, ती गब्बूची नव्हे, आईची. मुलीकडच्या माणसाने विहिणीला असं फर्मावलेलं आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. बायको लाजेने स्वयंपाकघरातून बाहेर येईना. "विहीणबाई, पाठ फिरवा. जिलबी लपवा. गप्प झाला? बसला? आता द्या." मला दाराबाहेर उभं करून दिवसातून पन्नास वेळा बेल वाजवायला लावली. शेवटी शेवटी तर जिलबीच्या आशेने मीही शांत उभा राहू लागलो होतो.

रविवारी मालकांनी बेल वाजवली. गब्बूच्या घशात गुरगुर सुरू झाली. आईने पाठ फिरवली आणि कॅलेंडरकडे बघत राहिली. गब्बूने मालकांकडे पाहिलं, आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि गप्प होऊन खाली बसला. आईने एक जिलबी त्याला दिली आणि दुसरी मालकांना. मालकही बसले. "चलो माताजी, रहने दो इसको," जिलबी संपवून ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी आईने दिलेली भैरवगढची छापील चादर घेऊन मी मामांकडे गेलो. मामांनी ती कौतुकाने उलगडली आणि सरळ राणीच्या अंगाखाली घातली. राणी त्यांची म्हातारी कुत्री. घरातला पलंग तिचा, मामा सतरंजीवर. आम्ही चहा घेत होतो. सातच्या सुमाराला राणी धडपडत उठली आणि फाटकाशी जाऊन भुंकायला लागली. बाहेर कोणी नव्हतं. मामा कप ठेवून उठले, फाटक उघडलं आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. मामी भजनाहून याच वेळेला घरी यायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. जरा वेळाने मामांनी फाटक लावलं आणि खिशातला पोळीचा तुकडा राणीला दिला.

"भुंकल्यावर खायला देताय, मामा?" मी न राहवून विचारलं.

"आठ दिवसांत सुटेल ही आदत, जावईबापू," ते म्हणाले. "पण घराचीच खोड आहे. राहू दे."

मामा डोळे पुसत होते. त्यांच्याकडे बघायला नको, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो आणि गार झालेला चहा पीत राहिलो.