नाव सांगायची पाळी

मी बोलताना अडतो. लहानपणापासून. सगळ्यात जास्त अडतो तो स्वतःच्या नावापाशी. बाकी शब्दांना पळवाट असते. 'पाणी' अडलं तर 'जरा प्यायला द्या' म्हणता येतं. नावाला तशी पळवाट नाही.

सिगारचा नाद उरणच्या बंदरात लागला. तिथे मी कंटेनर तपासायच्या कामाला होतो. एका जहाजाच्या वयस्कर कप्तानाने डेकवर एक पेटवून दिली आणि पुढचा बराच वेळ आम्ही दोघं गप्प बसून होतो. सिगार ओढणाऱ्याला कुणी 'बोला ना' म्हणत नाही, हे मला फार आवडलं.

पुढे फोनवर सिगारवाल्यांचा एक ग्रुप सापडला. तिथे मी लिहायचो, आणि भरपूर लिहायचो. कुठली सिगार कशी जळते, आपल्याकडच्या दमट हवेत ती कशी सांभाळायची. लिहिताना मी कुठेच अडत नाही. ग्रुपवर मी नाव दिलं नव्हतं, आणि स्वतःच्या फोटोच्या जागी नुसता राखेचा फोटो लावला होता. मग एकदा ठरलं, सगळ्यांनी रविवारी सकाळी नेरे गावातल्या एकाच्या फार्महाउसवर भेटायचं आणि आपापली ओळख करून द्यायची. एकाने मला लिहिलं, "तुम्ही लिहिता इतकं, तर बोलत किती असाल!"

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "नाही गेलास तर काय होईल?"

"काही नाही."

"मग नको जाऊस."

पण गेलो. घराजवळून, खांदा कॉलनीतून रिक्षा केली. वाटेत रिक्षावाल्याला मुद्दाम माझं नाव सांगून बघितलं. एका दमात आलं. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर लक्ष दिलं.

आंब्याच्या सावलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. यजमान नेऱ्याच्याच शेतकरी घरातले, आता बांधकामाच्या धंद्यात. "आमी इथलेच, लाजू नका," म्हणत त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली. नाव, गाव, पहिली सिगार कधी ओढली. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. कोण काय सांगतंय ते मला ऐकूच येत नव्हतं. पाळी एकेका खुर्चीने जवळ येत होती, एवढंच दिसत होतं. हातातली सिगार मी इतकी घट्ट धरली होती, की तिचं वरचं पान तडकलं.

पाळी आली. मी उभा राहिलो. 'प' वर ओठ मिटले ते उघडेनात. मान वाकडी झाली. समोरच्या एकाने नजर जमिनीकडे वळवली.

यजमानांना माझी दया आली असावी. त्यांनी 'प' वरून एक नाव सुचवलं. ते माझं नव्हतं. मी हो म्हणून मान हलवली. टाळ्या झाल्या आणि मी खाली बसलो. सुटलो, असं वाटलं.

चहा आला तशी माणसं मला त्या नावाने हाक मारू लागली. प्रत्येक हाकेला मी मान वर करायचो. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "आणि तो राखेच्या फोटोवाला? तो आला नाही का? मी खास त्याच्यासाठी आलो होतो. माझ्या सगळ्या सिगारींना बुरशी धरलीय."

"नाय आला," यजमान म्हणाले. "लिहिणारी मोठी माणसं. आपल्यात कशाला येतील?"

दोघंतिघं हसले. मी कपात बघत बसलो. गप्प राहिलो तर कुणालाच कळणार नव्हतं. घरी जाऊन ग्रुप सोडला असता, की विषय संपला असता. तेच सोपं होतं. पण बँकवाल्यांचा चेहरा खरोखर उतरला होता, आणि आपण इथे बसलेलो असताना आपण नाही असं समोरासमोर ऐकणं मला फार भयंकर वाटलं.

मी उभा राहिलो. "तो म... मी."

मग नाव. ओठ पुन्हा मिटले. यजमान मदतीला तोंड उघडणार, तर बँकवाल्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. डोळ्यांत पाणी आलं, आणि नाव बाहेर पडलं. तुकड्या-तुकड्यांनी, पण माझंच.

टाळ्या नाही झाल्या. यजमान कानाला हात लावून म्हणाले, "चुकलं माझं. तुमी आदीच का नाय थांबवलंत मला?"

"बुरशीचं सांगा," बँकवाले म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. मी अडत अडत सांगितलं: पांढरी भुकटी असेल तर ती मऊ ब्रशने झटकायची, हिरवी दिसली आणि वास आला तर सिगार टाकून द्यायची. त्यांना घाई नव्हती.

परत निघालो तेव्हा नेरे फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभा होतो. रिक्षा येईना. मैलाच्या दगडावर बसलो. आता ग्रुपवर काय लिहितील, पुढच्या वेळी पुन्हा बोलावलं तर, असे नाही नाही ते विचार यायला लागले.

बायकोचा फोन आला. "झालं?"

मी "झ" वर अडलो. तिकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केल्याचा आवाज आला, आणि ती वाट बघत थांबली.