कापराची पाटी

"विडी टाक! आधी विडी टाक, मग औषध घे!"

पेंटर चाचा भर रस्त्यात उभे राहून ओरडत होते. वैद्यबुवांच्या दुकानाखाली पुडी घेऊन उभा असलेला विंचूरचा शेतकरी, आपल्याला एवढा कोणता रोग झालाय म्हणून पांढराफटक पडला. रोग वर होता. दुकानावरच्या पाटीची अक्षरं सेल्युलॉइडची होती, आणि ते ठिणगीनं भडकन पेटतं.

तेहतीस-चौतीस सालच्या सुमारास नाशिकच्या मेनरोडवर तुम्ही कुठेही मान वर केली असतीत, तरी चाचांच्या हातची पाटी दिसली असती. टिनाचा पत्रा, त्यावर तेलाचा रंग. त्यांचा 'श' दाखवायला मास्तर अख्खा वर्ग रस्त्यावर आणत. निदान मी तरी असंच सांगतो.

मग एकाएकी त्यांनी मुंबईहून सेल्युलॉइडचे तक्ते आणले. "आता रंगाची कटकट नाही. कातरलेलं अक्षर, ना उडणार ना पुसणार." किती वर्षं टिकेल विचारलं, की म्हणायचे, "उन्हाला विचारून सांगतो." चहा घेणार का विचारलं, तरी तेच.

खरं कारण मला ठाऊक होतं. समोरच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. थरथरणारा हात मी चांदवडच्या घाटातूनही ओळखीन. चाचांचा उजवा हात थरथरू लागला होता. ब्रशाची रेघ वाकली ती वाकली. सेल्युलॉइडची कड मात्र कानशीनं घासून सरळ करता येते. वैद्यबुवांची जुनी पाटी चाचांनीच मागून घेऊन उतरवली, तिच्यावरून कागदी नमुने काढले, नवी अक्षरं कातरली आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "घड्याळवाले, हा उन्हाळा ही टिकली तर मी पेंटर. नाहीतर संपलो. कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. माझ्या तोंडात टिकलेली ती एकच गोष्ट.

त्या वर्षी ऊन असं पडलं, की रामकुंडात पाण्याला फोड आले. माझी घड्याळं पुढे धावू लागली, संध्याकाळ गाठायच्या घाईनं. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो; पाटी तापली की रस्ताभर आरतीचा वास. दोन म्हाताऱ्या तिला हात जोडून गेल्या. पेशंट म्हणायचे, इथं दारातच बरं वाटतं.

चाचांना मात्र त्या वासानं झोप नव्हती. रोज दुपारी शिडी लावून ते एकेक अक्षर हुंगायचे. "कालच्यापेक्षा कमी येतोय. कापूर सगळा उडाला, की हे काचेसारखं ठिसूळ होणार."

चैत्रात अक्षरं विडी ओढणाऱ्याच्या दातांसारखी पिवळी झाली. वैशाखात फुगली. आणि तेव्हा चाचांना चूक उमगली. जन्मभर टिन ठोकलं, तसंच हेही त्यांनी चारी बाजूंनी घट्ट ठोकलं होतं. हे उन्हात पसरतं, गारव्यात आकसतं. त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती.

खिळे सैल करायला ते चढले. मी शिडी धरली. पकड खिळ्यावर बसेना; टकटक, टकटक वाजत राहिली.

"चाचा, उतरा. मी करतो."

"तुम्ही घड्याळं बघा."

कट्कन आवाज झाला. 'वैद्य'मधला 'वै' त्यांच्या हातात आला, दोन तुकडे होऊन. खाली उतरून त्यांनी एक तुकडा नाकाशी नेला, मग माझ्या नाकाशी धरला.

"येतो काही वास?"

मी आयुष्यात हजार थापा मारल्या. त्या दिवशी एक सुचली नाही.

पुढच्या आठवड्यात कळलं, चाचा मालेगावला मुलीकडे राहायला गेले. शिडी न्यायलाही कुणी आलं नाही. तिच्यावरच चढून वैद्यबुवांनी जुनी टिनाची पाटी पुन्हा टांगली. वीस वर्षांचा रंग, एक रेघ हललेली नव्हती.

"वैद्यबुवा," मी म्हणालो, "ही इतकी धड होती, तर काढू कशाला दिलीत?"

त्यांनी खलातला बत्ता थांबवलाही नाही.

"हात थरथरत होता त्यांचा. नाडी मीच बघायचो."