जिवंतपणीची तसबीर

सेलूतल्या त्या चित्रकाराचा सिद्धांत साधा होता: समोर बसलेला माणूस दिसतो तसाच रंगवायचा आणि चित्र त्यालाच देऊन टाकायचे. “रोज पाह्यजो सोताले,” असे ते बजावत. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. निरीक्षणाशी तडजोड न करणारा हा माणूस मला पटे.

गल्लीतली एक म्हातारी वारली, तेव्हा तिचे चित्र हार घालून ओसरीवर मांडले होते. सगळे म्हणाले, “हुबेहूब!”

चित्रकारांनी तिच्या सुनेला विचारले, “बुडी पाहे का हे रोज?”

“जित्या मानसाची तसबीर भितीले लावतेत का, भाऊ? अपशकुन! कोठीमागं होती.”

गल्लीतल्या बहुतेक घरांत त्यांनी दिलेली चित्रे होती. परतताना त्यांनी एकाही दाराकडे पाहिले नाही.