उतारावरचा अबोला

बेल्मिरोचं घर आमच्या उताराच्या दुसऱ्या वळणावर आहे. समोर रस्त्यापलीकडे जी दगडी भिंत आहे, तिच्यावर बसून मी टोपलीगाड्यांचे फोटो काढते. गाडी वळणावर तिरकी होते, आतले पाहुणे किंचाळतात, मागे पांढऱ्या कपड्यांतले दोघे गाडीवाले दोर ताणून ओणवे झालेले असतात, तेवढ्यात बटण दाबायचं. गाडी खाली, उतार संपतो तिथे लिव्रामेंतोला पोचते तोवर माझी बहीण फोटो छापून वाटेत उभी असते. बोटीवरून उतरलेले पाहुणे नाही नाही म्हणत शेवटी घेतातच. स्वतःचं घाबरलेलं तोंड माणसाला फार आवडतं.

तर या भिंतीवरून मी बेल्मिरो आणि विर्जिलिओ यांना इतक्या वेळा उतरताना पाहिलंय की माझ्या नवऱ्याला मी तितकं पाहिलं नसेल.

आमच्या बेटावर, डोंगरातल्या मोंते गावात गाडीवाल्यांच्या जोड्या असतात. एक डावीकडचा, एक उजवीकडचा. वेताची टोपली, खाली लाकडाच्या दोन धावा, त्यांना चरबीचं फडकं फिरवायचं आणि चर्चच्या पायऱ्यांपासून सोडून द्यायचं. इंजिन नाही की ब्रेक नाही. बुटांचे जाड रबरी तळ रस्त्याला घासायचे, तोच ब्रेक. बाजूच्या गल्लीतून मोटारीही येत असतात. त्यामुळे आपला जोडीदार पुढच्या क्षणी काय करणार, हे त्याने करण्याआधीच आपल्याला कळायला लागतं. बेल्मिरो उजवीकडचा आणि विर्जिलिओ डावीकडचा. मिसरूड फुटल्यापासून त्यांची जोडी.

बेल्मिरो बुटका, रुंद खांद्यांचा, लवकर तापणारा. विर्जिलिओ उंच, सावकाश बोलणारा, टोपी जरा वाकडी घालणारा. बेल्मिरोच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला विर्जिलिओ धर्मपिता म्हणून उभा राहिला आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्र' म्हणायला लागले. दोघांचे मळे वर डोंगरात एकाच पाटावर. विर्जिलिओचा मळा वरच्या अंगाला, बेल्मिरोचा खालच्या.

त्या पाटावरूनच बिनसलं. एका कोरड्या उन्हाळ्यात बेल्मिरोच्या पाळीला लागोपाठ पाणी आलंच नाही. घेवडा करपला, रताळ्याचे वेल माना टाकून बसले. वर विर्जिलिओचा मळा मात्र हिरवा दिसत होता. बेल्मिरोने पाटकऱ्याला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही. गाडीवाल्यांना परत वर नेणारा ट्रक लिव्रामेंतोला उभा होता, तिथे सगळ्यांसमोर तो विर्जिलिओला म्हणाला, "पाणी चोरतोस माझं? तुझ्या आईनं दुधातनंच चोरी पाजलीय तुला!"

विर्जिलिओची आई त्याच वर्षी ईस्टरच्या आधी वारली होती.

विर्जिलिओने टोपी काढली, तिच्यावरची धूळ झटकली, परत घातली आणि ट्रकमध्ये चढला. त्यानंतर तो बेल्मिरोशी एक शब्द बोलला नाही. बेल्मिरोही हट्टाला पेटला. माझं लग्न त्याच साली झालं आणि माझी मुलगी शाळा संपवायला आली तरी तो अबोला चालूच होता.

मुकादम आबिलिओने पहिल्याच आठवड्यात बेल्मिरोला बाजूला घेतलं. "तुला दुसरा जोडीदार देऊ का?"

"कशाला?" बेल्मिरो म्हणाला. "जोडीदार ठीक आहे. मला फक्त त्याच्याशी बोलायचं नाही."

मग मुकादमाने विर्जिलिओला विचारलं. विर्जिलिओ म्हणाला, "उजवीकडे तोच बरा. गाडी काय तोंडाने हाकायची असते?"

असं करून दोघे रोज एका गाडीला लटकायचे, एकाच लयीत पळायचे, एकाच वेळी धावेवर उडी मारून उभे राहायचे आणि खाली पोचले की ट्रकच्या दोन टोकांना बसायचे. पण कामात काही बोलावं लागतंच. तेव्हा ते पाहुण्यांशी बोलायचे. पाहुण्यांना आमची भाषा कुठली कळायला?

"बाई," विर्जिलिओ पुढच्या इंग्रज बाईला मोठ्या अदबीने म्हणायचा, "तुमच्या मागच्या माणसाला सांगा, बुटाची नाडी सुटलीय, दात पाडून घेईल."

"साहेब," बेल्मिरो तिच्या नवऱ्याला सांगायचा, "त्या लांबुळक्याला कळवा, मला डोळे आहेत."

पाहुणे खूश होऊन हसायचे. त्यांना वाटायचं, रस्त्याची माहिती सांगताहेत.

आता खरी गोष्ट अशी की दोन हिवाळ्यांनंतर पाटकऱ्याने पाट साफ करायला काढला, तेव्हा दोन्ही मळ्यांच्या मधे, एका जुन्या झाडाच्या मुळाखाली पाटाला तडा गेलेला सापडला. पाणी तिथून खडकात मुरत होतं. कोणी चोरलं नव्हतं. पाटकऱ्याने ते बेल्मिरोच्या दारात उभं राहून सांगितलं. हे मला बेल्मिरोच्या बायकोने, ग्रासिएतने सांगितलं. माझ्या भिंतीखाली तिची फुलझाडं आहेत. ती पाणी घालायला येते आणि मला ऐकवत बसते.

"मी म्हटलं, जा आणि सांगून ये. तर म्हणतो, काय सांगू? पाण्याबद्दल माफी मागता येईल गं, पण मी त्याच्या आईचं नाव घेतलं होतं."

"मग?"

"मग काय. रोज सकाळी बूट घालताना ओठ हलत असतात. संध्याकाळी येतो तसाच. विचारलं तर म्हणतो, आज फार गिऱ्हाईक होतं."

तिने स्वतः ओदेतला, विर्जिलिओच्या बायकोला, सांगायचं ठरवलं होतं. बेल्मिरोने हात जोडले. "माझं मला सांगू दे." आणि सांगितलं तर नाहीच.

असंच चाललं असतं. पण दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका भुरभुर पावसाच्या दिवशी ते दोघे एका डच जोडप्याला घेऊन उतरत होते. दगड निसरडे झालेले. मी छत्री धरून भिंतीवर बसले होते. खालच्या गल्लीतून पाववाल्याची मोटार मागे न बघता उलटी बाहेर आली. बेल्मिरोने उजवा पाय पूर्ण रोवला. विर्जिलिओने डावीकडून अंग टाकून टोपली आडवी केली आणि ती मोटारीच्या दारापासून हातभर अंतरावर थांबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पण बेल्मिरो दोर सोडून खाली बसला होता, आणि त्याचा गुडघा भलत्याच बाजूला वळला होता.

"बेल्मिरो!" विर्जिलिओ ओरडला.

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून ते नाव मी ऐकलं. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने आपली गवती टोपी बेल्मिरोच्या तोंडावर पावसाआड धरली होती. पण दोघांपैकी कोणीही आणखी काही बोललं नाही. रुग्णवाहिका गेली, तेव्हा विर्जिलिओ ती चिंब टोपी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याला बाजूला व्हायला मलाच सांगावं लागलं.

खाली बंदराच्या शहरात, फुंशालच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बेल्मिरोला सांगितलं, चालाल, पण उतारावर पुन्हा पळायचं नाव काढू नका. तो घरी आला आणि दारातल्या खुर्चीत बसायला लागला. दिवसभर समोरून गाड्या जायच्या. त्या यायच्या आधीच तो आवाजावरून सांगायचा, ही अमक्याची. विर्जिलिओची आली की आत निघून जायचा. कुबडीवर उठून आत जायला वेळ लागतो, त्यामुळे विर्जिलिओला रोज त्याची पाठ दिसायची.

विर्जिलिओला एल्देर नावाचा नवा जोडीदार दिला होता. चांगला दांडगा गडी, दोन लेकरांचा बाप. पण ते जमेना. वळणावर गाडी हिसके खायची. माझे निम्मे फोटो हललेले यायला लागले.

"उडी कधी मारायची ते सांगत जा ना," एल्देर वैतागून म्हणायचा.

"सांगायचं काय त्यात?" विर्जिलिओ म्हणायचा. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

मे महिन्यातली गोष्ट. बंदरात दोन बोटी लागलेल्या, वर रांग पार चर्चच्या दारापर्यंत गेलेली. अशा दिवशी वाटेत गाडी थांबवली तर मुकादम घरी बसवेल. आणि विर्जिलिओने बेल्मिरोच्या दारासमोर टाच रोवून गाडी थांबवली. आत एक जर्मन आजीबाई एकट्याच होत्या, निळा रुमाल बांधलेल्या, पर्स पोटाशी धरलेल्या. बेल्मिरो नुकता कुठे उठत होता.

"बाई," विर्जिलिओ आजीबाईंना म्हणाला, "या माणसाला विचारा, गुडघा कसा आहे."

आजीबाईंनी हसून मान हलवली. एल्देरचं तोंड उघडंच राहिलं.

बेल्मिरो उभाच. मला वाटलं, आत जाणार. मग तो म्हणाला, "बाई, त्याला सांगा, दुखतोय. पण चालतोय."

"बाई, त्याला सांगा, घेवड्याची काळजी करू नकोस म्हणावं. त्याच्या पाळीला पाटाची दारं मी धरतोय."

ग्रासिएत माझ्या भिंतीखाली झारी घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "तरीच. मला वाटलं पाटकरी करतोय."

मागून दुसरी गाडी वळणावर आली. तिचे गाडीवाले ओरडले, "अरे, काय लग्न लावताय का तिथे? सरका!" एल्देरने हात करून त्यांना थांबवलं.

बेल्मिरोने कुबडी भिंतीला टेकवली. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बाई," तो म्हणाला. आवाज मोठा, चर्चमध्ये पाठ म्हणून दाखवावं तसा. "त्याला सांगा, पाणी कोणी चोरलं नव्हतं. पाट फुटला होता. मला माहीत आहे. फार वर्षं झाली, मला माहीत आहे. आणि त्याच्या आईबद्दल मी जे बोललो... ती माउली मला जेवायला वाढायची. तिच्याबद्दल मी असं बोलायला नको होतं. एवढं सांगा त्याला."

आजीबाईंना वाटलं, हा आजारी माणूस आपल्याकडे काहीतरी मागतोय. त्यांनी पर्स उघडली, एक पुदिन्याची गोळी काढली आणि हात लांब करून बेल्मिरोसमोर धरली.

विर्जिलिओने त्या गोळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई म्हणताहेत, त्यांना पाट फुटल्याचं माहीत होतं. पाटकरी त्यांच्याकडेही आला होता."

"मग बोलल्या का नाहीत बाई?" बेल्मिरो जवळजवळ ओरडला.

"बाई वाट बघत होत्या." विर्जिलिओने टोपी सरळ केली. "घे आता ती गोळी, कोंपाद्र. त्यांचा हात दुखत असेल."

बेल्मिरोने गोळी घेतली. आजीबाईंना आनंद झाला. एल्देरने गाडीला धक्का दिला आणि ते गेले. मी फोटो काढला होता. आजीबाई हात लांब केलेल्या, दारात रडवेला बेल्मिरो, आणि मागे विर्जिलिओ अर्धा. त्या दिवसातला सगळ्यात वाईट फोटो. आजीबाईंनी तो हसत हसत विकत घेतला. आता तो जर्मनीत कुठल्या तरी कपाटावर असेल.

त्या रविवारी ओदेत आणि विर्जिलिओ गव्हाचं सूप पातेलंभर घेऊन बेल्मिरोकडे आले. इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलेलं, पण सुरुवातीला त्यांना सुचेचना. जरा वेळ गुडघ्याबद्दल बोलले, जरा वेळ एल्देरबद्दल. मग बेल्मिरो म्हणाला की वरच्या वळणावर तू पूर्वीपासून उशिरा वळतोस, आणि तिथून जो वाद सुरू झाला तो अंधार पडेपर्यंत. शेजारी म्हणून सांगते, असला गोंगाट त्या घरात कधी झाला नव्हता.

दोघे बोलू लागावेत म्हणून ग्रासिएतने चर्चमधल्या मोंतेच्या माउलीला नवस बोलला होता. ऑगस्टच्या सणाला ती चर्चच्या सगळ्या पायऱ्या गुडघ्यांवर चढली. वर पोचेपर्यंत तिचे मोजे फाटले होते. विर्जिलिओ तिला हाताला धरून उठवत म्हणाला, "वहिनी, एका घरात एक मोडका गुडघा पुरे होता."

"तुमच्या दोघांमुळेच झालंय," ती म्हणाली आणि भर गर्दीत त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

बेल्मिरो आता सकाळी वर जातो. जिथून गाड्या सुटतात तिथे बाकावर बसून टोपल्यांचे उसवलेले वेत विणतो. एल्देरला शिकवतो, म्हणजे शिव्या देतो. त्यामुळे एल्देर सुधारलाय आणि माझे फोटोही.

ऑक्टोबरात एक दिवस बोट आली नाही. दुपारी उतार मोकळा होता. विर्जिलिओ म्हणाला, "चल, बस. तुला सोडतो खाली."

"मी? आत?" बेल्मिरो म्हणाला. जन्मभर तो टोपलीच्या मागेच उभा राहिला होता.

"पाहुण्यासारखा बस. गप्प बस, एवढंच."

गप्प कसला बसतोय. मला तो दिसायच्या आधी ऐकू आला. "डावीकडे! अरे, डावीकडे! पाय लाव! एल्देर, झोपलास का? सावकाश, मेलो मी!" गाडी दुसऱ्या वळणावर तिरकी झाली, तेव्हा त्याने टोपलीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या आणि डोळे मिटून माउलीचं नाव घेत होता. मागे विर्जिलिओ इतका हसत होता की धावेवरची उडी त्याची चुकली आणि तो चार पावलं नुसताच पळाला.

खाली बहिणीने फोटो पुढे केला. बेल्मिरोने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"हा मी नाही," तो म्हणाला.

"मग मी घेतो," असं म्हणून विर्जिलिओने खिशात हात घातला.

लिव्रामेंतोच्या दारूच्या दुकानात, जिथे सगळे गाडीवाले ट्रकची वाट बघत एकेक पेला पोंशा घेतात, तिथे भिंतीवर तो फोटो लावलाय. संध्याकाळी खाली आला की बेल्मिरो त्याच्याकडे पाठ करून बसतो. परवा दुकानदाराने त्याला चिडवायला विचारलं, हा कोण घाबरट पाहुणा? तो म्हणाला, "असेल कोणीतरी बोटीवरचा," आणि विर्जिलिओच्या पेल्यात आपल्या पेल्यातली उरलेली पोंशा ओतून ट्रककडे निघाला.