मामांची नोकरमंडळी

१५ फेब्रुवारी २००४, रविवार. भिंतीच्या अंदाजाची रक्कम अडतीस हजार. हजर: मी, माझी बायको, भिंत बांधणारा ठेकेदार आणि कुणी न बोलावता आलेले शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना सारं कासार आंबोली गाव मामा म्हणे. ऑफिसात मी पंचवीस वर्षं हिशेब तपासले, पण नोकरांची एवढी मोठी यादी तोंडपाठ असलेला मालक मला दुसरा भेटला नाही. त्या यादीत माणूस मात्र एकही नव्हता. घुबड रात्रपाळीला, गांडुळं नांगरटीला, कोतवाल पक्षी भातावरच्या किडीला आणि धामण उंदीरखात्याला. एकदा ती धामण आमच्या अंगणात निघाली आणि मी काठी शोधू लागलो. मामा म्हणाले, "साहेब, तिला हात लावू नका. ती गेली तर मला मांजर ठेवावी लागल, आन् मांजर दूध मागतीया." टिटवीने आमच्या गाडीवाटेवर अंडी घातली, तेव्हा मामांनी वाटेत दगड मांडून गाडीच बंद केली. सव्वीस दिवस मी गाडी रस्त्यावर ठेवून दीडशे पावलं चालत घरी आलो. पिल्लं हिंडायला लागल्यावर मामांनी दगड उचलले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "साहेबांचं पोट बी जरा उतरलं, न्हाई का ताई?"

तर त्या रविवारचा विषय होता कुंपण. आमच्या आणि मामांच्या मध्ये, पण माझ्या हद्दीत, करवंद, शिकेकाई आणि घाणेरीची नव्वद फूट लांब जाळी माजली होती. मला तिथे सरळ, स्वच्छ भिंत हवी होती. मामा म्हणाले, "जागा तुमची, पैका तुमचा. पर आत बारीक मधमाशीची पोळी हायेत. जाळी राहू द्या." मी बरं म्हणून मान हलवली. मार्चमध्ये मामा दोन दिवस मुठ्याला लेकीकडे गेले, तेव्हा मी ठेकेदाराचे मजूर बोलावून पंचेचाळीस फूट जाळी तोडून घेतली आणि पायासाठी चर खणायला लावला. ते गावात नाहीत हे बघूनच बोलावले, हे इथे लिहायला हवं. उरलेली जाळी आणि भिंत दिवाळीनंतर, असं ठरलं. मामा परत आले, त्यांनी मोकळी जागा पाहिली, आमच्याकडे चहा घेतला आणि लेकीच्या घरच्या गोष्टी सांगत बसले.

त्या पावसाळ्यात बायकोचा भोपळ्याचा वेल पडवीवर चढला. फुलं भरपूर, पण बोटाएवढं फळ झालं की पिवळं पडून गळे. तेवीस गळली. मी खत घातलं, राख टाकली. एका सकाळी पाहतो तर मामा वेलात वाकलेले. एक नर फूल तोडून, पाकळ्या काढून ते मादी फुलात हलकेच फिरवत होते.

"हे काय, मामा?"

"माशीचं काम. ती फुकट करत हुती. तिचं घर मोडलं, म्हणून मी बदलीवर आलोय. पर मला गुडघे हायेत साहेब, तिला न्हाईत."

असे ते अठरा सकाळी आले. अकरा भोपळे धरले. पलीकडे त्यांच्या स्वतःच्या काकडीच्या वेलांचं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी बांधावरून मोजलं. निम्म्याहून जास्त फुलं रिकामी गेली होती. त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढे पाचशेची नोट धरली. त्यांनी ती माझ्याच खिशात परत घातली. "ऱ्हाऊ द्या. दिवाळीनंतर तोडणाऱ्या मजुरांना लागतील."

मजूर बोलावले नाहीत. चर बुजवून त्यात करवंदाची रोपं लावली. ती गुडघ्याएवढी होईपर्यंत मामा रोज एक फेरी मारत. २००८ च्या थंडीत ते गेले. मुलांनी शेताचे प्लॉट पाडले, आणि आता पलीकडे चार बंगले आहेत, चारही भिंतींच्या कुंपणांचे. आमची जाळी मात्र नव्वद फूट पुन्हा मिळून आली आहे. फुलांच्या दिवसांत मी सकाळी वेलाशी जाऊन उभा राहतो. माशा आलेल्या असतात. मला तिथे काही काम नसतं, तरी थोडा वेळ थांबतो.

शेवटी दिलं ते असं: ठेकेदाराला चर खणल्याचे अठराशे रुपये. मामांना एक भोपळा. त्यातलाही अर्धा त्यांनी कापून परत पाठवला.