स्मारकासमोरचा काळा दगड

पुणे हे माझं शेवटचं पोस्टिंग. इंजिनिअर्समध्ये तेवीस वर्षं काढून सुभेदार म्हणून आलो तेव्हा गुडघे गेले होते. काम हलकं मिळालं: युनिटच्या आवारातल्या शहीद स्मारकासमोरचा चौक नव्याने फरसबंद करून घेणं.

जुनी शहाबादी फरशी फुटली होती. त्या वर्षांत हडपसरकडे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्या ऑफिसला तसाच चकचकीत दगड हवा होता. मी अडून बसलो. गार्डच्या बुटांना नाल असतात. गुळगुळीत दगडावर पाऊस पडला की सलामी देतानाच जवान आडवा होईल. शेवटी टेंडर खरबरीत काळ्या दगडाचं निघालं.

कंत्राटदार बबनराव धायरीचे. शेती गावाबरोबर शहरात गेली, तेव्हापासून ते बांधकामात. नमुन्याच्या फरशीवर मी बादलीभर पाणी ओतलं, नालाचे बूट घालून चाललो, स्वतःलाच ‘थम’चा हुकूम देऊन जागीच थांबलो. पाय घसरला नाही. मी खूश होतो.

बबनराव म्हणाले, "सायेब, काळा दगड लई तापतो. आमच्याकडं उन्हाळ्यात बांधावरच्या दगडावर कुणी बूड टेकत न्हाय. मधी फिकट दगडाचा पट्टा टाकू."

"बबनराव, इथे माणसं उभी राहणार आहेत. बसायला कुणाला बोलावलेलं नाही."

ते मापं घ्यायला वळले. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. मी शहाणा नव्हतो, सुभेदार होतो.

एप्रिलमध्ये कार्यक्रम ठरला. सकाळी साडेदहाला गार्ड उभा राहिला, मी उजव्या टोकाला. दहा चाळीसला वायरलेसवर गेटचा आवाज आला, "मेहमान अंदर. ओवर."

अकराला ब्रिगेडियर साहेबांनी पुष्पचक्र वाहिलं. मग शहिदांच्या आयांची पाळी. पहिल्या सीताबाई, नाईक दत्तात्रयच्या आई, चंद्रपूरकडच्या. दत्ता माझ्या सेक्शनचा. उत्तरेतल्या एका चौकीवर बर्फाच्या वादळात गेला. घरी पत्र मीच लिहिलं होतं.

चौकाच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी त्या थांबल्या आणि देवळाबाहेर काढतात तशा त्यांनी चपला काढून ठेवल्या. हे आम्हा कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चौक आम्ही बुटांसाठी केला होता.

चाळीस पावलं. त्या भरभर चालल्या नाहीत. दोन्ही हातांत फुलं होती. स्मारकावरच्या नावांपाशी पोचल्या आणि दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या. मला दिसत होतं. सावधानचा हुकूम होता. मी हललो नाही. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात बबनरावांनी मधला पट्टा उखडून फिकट दगड बसवला. मंजुरीचे कागद मागाहून झाले. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेलो होतो. नर्सिंग असिस्टंट सीताबाईंच्या तळव्यांना मलम लावत होता. तळवे फोडांनी भरले होते.

"आई, तो दगड मी निवडला. चूक माझी आहे. पण तुम्ही चपला का काढल्या?"

"पोराजवळ चालली होती जी. चपला घालून कशी जाऊ?"

 त्या स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही व्हते ना त्याच्यासंगं? शेवटी त्याच्या पायात बूट व्हते का जी?"

"होते, आई."

नव्हते. वादळाच्या तिसऱ्या दिवशी त्याचे पाय सुजून काळे पडले होते. बूट निघेनात, म्हणून मी ते चाकूने कापले. हेलिकॉप्टर येईपर्यंत सगळे मिळून ते पाय चोळत होतो. दत्ता गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याचे पाय माझ्या मांडीवर होते.